डोमेन कंट्रोलर काढल्यावर ईमेल बंद

प्रश्न : आमच्या कार्यालयातील जुना डोमेन कंट्रोलर (वापरकर्त्यांची ओळख तपासणारा सर्व्हर) काढल्यापासून आउटलुक हा ईमेल प्रोग्रॅम एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरशी जोडले जात नाही. दोष कोठे शोधावा? (एक वाचक, जालना)

उत्तर : एक्स्चेंज वापरकर्त्यांची माहिती ग्लोबल कॅटलॉगकडून (डोमेन कंट्रोलरवरील एकत्रित सूचीकडून) घेत असल्याने, उरलेल्या कंट्रोलरवर हा कॅटलॉग सुरू असल्याची खात्री आधी करावी. मात्र माझ्या मते पहिला संशय डीएनएसवरच (नावावरून यंत्राचा पत्ता शोधणाऱ्या सेवेवरच) घ्यावा : ईमेल सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर डीएनएससाठी काढलेल्या कंट्रोलरचाच पत्ता राहून जातो, आणि तो बदलल्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी टोपोलॉजी ही एक्स्चेंजला डोमेन कंट्रोलर शोधून देणारी सेवा पुन्हा सुरू करावी लागते, तिच्यावर एक्स्चेंजच्या इतर सेवा अवलंबून असल्याने हे काम कृपया कार्यालय सुटल्यावरच करावे. नंतर इव्हेंट लॉगमधील (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदवहीतील) २०८० क्रमांकाच्या नोंदीत सर्व्हरला कोणते कंट्रोलर दिसतात ते पाहावे. तेथेही जुने नाव असल्यास ते पूर्वी कोणी एक्स्चेंजमध्ये कायमचे नेमून ठेवले होते काय, हे तपासावे.