साक्षीत न सांगितलेली वर्षं

“माझाच विश्वास कमी पडतोय,” डिचोलीहून माझ्याकडे आलेल्या बाई म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात डायलिसिस, दर खेपेला चार तास बाहेर बाकावर. तिथेच हळदोण्याच्या एका मावशींनी आपली कहाणी सांगितली होती: मुलगा गेला, तरी घरातला तेर्स, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, चुकला नाही. त्या कहाणीनेच बाई ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या. मग एका प्रार्थनासभेत कुणी साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं, की प्रार्थनेने किडनी बरी झाली. तेव्हापासून मन खात होतं. येत्या गुरुवारी डायलिसिसला न्यायचंच नाही, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

आधी गुरुवार सांभाळायला हवा होता. डायलिसिस चुकलं की रक्तात पोटॅशियम साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात. फुप्फुसांत पाणी भरतं. हे स्पष्ट सांगितलं. बाईंच्या पिशवीत नवऱ्याची पाण्याची बाटली होती, दिवसाचं माप कळावं म्हणून पेनाने रेघा मारलेली.

“रेघ मारताना मनात काय येतं?”

“देवा, आजचा दिवस निभावून ने.”

ही पुरती प्रार्थना आहे. तिच्यासाठी बाटली टाकायला नको, डायलिसिसही नको टाळायला.

साक्ष सांगणारा बहुधा शेवट धरून सांगतो, मधली वर्षं गळून जातात. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, पुढे भाऊ, मग नवरा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने गवसला तो आठेक वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. गेलेली माणसं काही परत आली नाहीत. बायबलमधलं ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच म्हटलं जातं.

बाईंना एक वही दिली. साक्ष ऐकली की घरी येऊन तीन गोष्टी लिहायच्या: काय घडलं, मध्ये किती काळ गेला, काय बदललं नाही. जागा कोरी राहिली तर त्या माणसालाच विचारायचं. सोबत बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, रोज एक अध्याय, सोळाच आहेत. बाप्तिस्म्याची घाई नको. चर्चची स्वतःची तयारीही काही महिने चालते. आणि पाद्रींच्या आधी नवऱ्याशी बोलायचं.

पुढच्या भेटीत मावशींच्या नावापुढे लिहिलेलं होतं: “दोन वर्षं माळ हातात घेतली नाही. तेर्स सासू म्हणायची, मी नुसती शेजारी बसायचे.” खाली तारीख होती, गुरुवारची, बांबोळीच्या बाकावरच लिहिलेलं.