दुखतात त्या दाढा, दाढी नव्हे

प्रश्न होता, 'माझ्या दोन्ही दाढी दुखतायत' बरोबर की 'दाढा'? दाढाच. हल्ली 'दाढी काढल्या', 'दाढीत सिमेंट भरलं' असं चांगली शिकलेली माणसंही बोलतात आणि माझं डोकं उठतं. शंका आली तर नुसता 'त' लावून बघा, भिंतीत म्हणून भिंती, जिभेत म्हणून जिभा, तसंच दाढेत म्हणून दाढा.

पण दाढ आणि दाढी एकाच घरातल्या आहेत हे मात्र खरं! मूळ शब्द दंष्ट्रा, दंश् म्हणजे चावणे, त्याचं हत्यार ती दंष्ट्रा. व्याकरणकार पाणिनीने एकाच सूत्रात नेत्र, शस्त्र, पत्र आणि दंष्ट्रा हे साधनांचे शब्द म्हणून बसवलेत. डसणे आणि आपला डास पण ह्याच दंश् चे. प्राकृतात दंष्ट्रेची दाढा झाली, बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने तसा नियमच दिलाय, आणि दाढा जिथे असतात त्या जबड्यावरचे केस ती दाढिका, म्हणजे दाढी. मनुस्मृतीत सुद्धा दाढिका आहे, त्यामुळे दाढी मुसलमानी अमदानीत आली म्हणणाऱ्यांनी आधी तिथे बघावं. आणि दाढ 'दृढ'पासून आली हे तर मला अजिबात मान्य नाही, दृढचं प्राकृतात दढ होतं, तो लांब 'दा' आणणार कुठून?

आता खरी गंमत. दंष्ट्रा म्हणजे मुळात सुळा, गीतेत विश्वरूपाची तोंडं 'दंष्ट्राकराल' आहेत ती काय चघळणाऱ्या दाढांमुळे नाही. पाली भाषेत तिची दाठा झाली, श्रीलंकेत कँडीला बुद्धाचा दात ठेवलाय त्या मंदिराच्या 'दळदा' नावातला 'दळ' हाच, आणि तो दात सुळाच मानतात. मग आपल्याकडे शब्द मागे कसा सरकला? माझं मत असं की टोकदार दाताला शूलवरून सुळा हे नाव मिळालं आणि दाढ जिथे खरी ताकद आहे तिथे गेली. माणसाचा सुळा असतो केवढासा, पण कडक काही फोडायचं तर आपण ते आपोआप मागे ढकलतो, अडकित्त्यात सुपारी बिजागरीकडे सरकवतो ना अगदी तसं, कारण जबड्याचा सांधा तिथून जवळ आणि जोर जास्त. 32 दातांत सुळे 4 आणि दाढा 12, पुढच्या 8 उपदाढा वेगळ्या, त्या दुधाच्या दातांत नसतातच.