वडील लिव्हिंग विल करायचं म्हणतात, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद. नोटरी पुरते का? आणि मी थोरला, म्हणजे माझंच नाव घालायचं ना?

नोटरी पुरते. गॅझेटेड अधिकाऱ्याची सही असली तरी चालते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. हे एवढं कुठलाही वकील सांगेल. मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळं.

थोरला आहात म्हणून तुमचं नाव घालायचं, असं काही नसतं. वडिलांना बोलता येत नसेल तेव्हा त्यांच्या वतीनं कोण बोलणार, त्याचं ते नाव असतं.

आमचं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी धाकटी सून. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दोन मुलं, एक मुलगी. तरी त्यांनी त्यांच्या कागदावर पहिलं नाव माझं घातलं होतं. त्यावरून घरात जे रामायण झालं ते अजून मिटलेलं नाही, तेव्हा मी तटस्थ आहे असं समजून वाचू नका.

सुरुवात मामंजींपासून झाली. फुफ्फुसं गेली होती, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. तरी संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवलं. भासरे, म्हणजे थोरले दीर, पुण्याहून फोनवर एकच वाक्य म्हणायचे, "पैशाकडं बघू नका." बिलाच्या काउंटरवर मात्र तेही बघायला आले नाहीत, ते सोयाबीनच्या पैशातून आम्हीच भरलं. तोंडात नळी असलेला माणूस शुद्धीवर आला की नळी ओढतो, म्हणून मामंजींचे दोन्ही हात गॉजच्या पट्टीनं कॉटच्या दांड्याला बांधलेले. भेटायच्या वेळेला एकालाच आत सोडायचे, आत्याबाई जायच्या. बाहेर येऊन पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. शेवटी 'डामा' लिहून देऊन घरी आणलं, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध आमच्या जबाबदारीवर. अॅम्ब्युलन्समध्ये माझे मिस्टर हातानं श्वास द्यायची अंबू पिशवी दाबत होते. घरी शेवटची आंघोळ घालताना मनगटांवर पट्टीचे वळ उमटलेले दिसले. आत्याबाईंनी त्यावर तेल चोळलं. गेलेल्या माणसाच्या मनगटावर.

वर्षश्राद्ध झालं आणि त्या म्हणाल्या, माझं लिहून घ्या. तोवर २४ जानेवारी २०२३चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आलेला होता. त्याआधी ९ मार्च २०१८च्या निकालानं हा हक्क मिळाला होता, पण कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. नुसत्या सहीसाठी म्हातारं माणूस घेऊन कोर्टात कोण जाणार? २०२३ला ती अट गेली. दोन साक्षीदार आणि नोटरी, झालं. साक्षीदार शक्यतो घरचे नकोत. आम्ही शेजारच्या निवृत्त शिक्षिका आणि गावातले एक मेडिकलवाले घेतले.

मजकूर आत्याबाईंनी तोंडी सांगितला, वकिलांनी लिहिला. बरं होण्याची आशा नसेल आणि मला बोलता येत नसेल तर व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको, डायलिसिस नको, दुखण्याचं औषध मात्र द्यावं. आणि शेवटी, "माझे हात बांधायचे नाहीत." वकील म्हणाले, हे वाक्य कायद्याच्या भाषेत बसत नाही, काढू या. आत्याबाई म्हणाल्या, मग सही करत नाही. वाक्य राहिलं.

मग नावाचा प्रश्न आला. वकिलांनी गृहीतच धरलं होतं, "थोरल्या चिरंजीवांचं घालतो." आत्याबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा कॉटजवळ कोण होतं ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "जी मला धुती-पुसती तिचं घाला." मिस्टर शेजारीच बसलेले. त्यांचं कामून नाही, असं मीच विचारलं. "त्यो रडतंय, अन् भावापुढं तोंड उघडत न्हाई." मिस्टर हसले, कारण खरं होतं. २०२३च्या आदेशानुसार एकापेक्षा जास्त नावं चालतात, म्हणून त्यांचं दुसरं घातलं.

पुढं आत्याबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात सीटी काढला. डॉक्टरांनी फिल्म दाखवून सांगितलं, यातून परत येणं नाही. श्वास त्यांचा त्या घेत होत्या, मास्कवर ऑक्सिजन चालू होता. "पुढं न्यायचं असेल तर इथंच नळी टाकून न्यावं लागेल." आमच्याकडं हे 'पुढं नेणं' फार. परभणीहून नांदेड, नांदेडहून संभाजीनगर, तिथून पुणे. भेटायला येणारा प्रत्येक जण आयसीयूच्या दारात तेवढंच विचारतो, "पुढं नाही का नेलं?" पुढं काय आहे ते त्याला विचारू नये.

मी कागदाची प्रत पुढं केली. डॉक्टरांनी दोनदा वाचली. म्हणाले, असा कागद घेऊन कुणी आलेलं मी पहिल्यांदा बघतोय. पण भला माणूस, हात झटकले नाहीत. नियमाप्रमाणं ते स्वतः आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ, असं दवाखान्याचं मंडळ बसवावं लागतं, ते बसवलं. या मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मग दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. त्यानंतर दवाखाना न्यायदंडाधिकाऱ्याला कळवतो. परवानगी मागत नाही, कळवतो.

तेवढ्यात भासरे आले. "मोठा मी आहे. हिला कुणी अधिकार दिला?" मी म्हणलं, तुमच्या आईनं. नणंदबाई पायऱ्यांवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुनेचं काय जातंय, आई आमची हाय." सातबारा अजून आत्याबाईंच्या नावावर होता, तेही कुणीतरी बोलून दाखवलं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून अख्खा कागद मोठ्यानं वाचला, हात बांधायच्या वाक्यासकट. भासरे खाली बघत राहिले. नळी टाकायच्या संमतीपत्रावर त्यांनी सही केली नाही, मला तेवढंच पाहिजे होतं. दुसरं मंडळ बसायच्या आधीच आत्याबाई गेल्या. हात मोकळे होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: वडिलांचं अंथरूण कोण बदलतं ते बघा, आणि भर दवाखान्यात नातेवाइकांना 'नाही' कोण म्हणू शकतं ते बघा. तुमच्यात दोन्ही असेल तर खुशाल तुमचं नाव घाला. नसेल तर बहिणीचं घाला, बायकोचं घाला. जो महिन्यातून एकदा गाडीनं येतो तोच 'सगळं करा' म्हणतो, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. वाटणीही आधी करून टाका. जमीन आणि हा कागद एकाच वर्षात काढलात तर लोक दोन्हीची गाठ मारतात.

कागदाची एक प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं द्यायची असते. आम्ही नगरपालिकेत गेलो तेव्हा बाबूनं जन्म-मृत्यूच्या खिडकीकडं पाठवलं. आत्याबाई स्वतः सोबत उभ्या होत्या! पुढं मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि सरकारनं ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले. तुमच्याकडं कोण आहे ते विचारून घ्या.

आता राहिलेलं. मी वकील नाही. हा कागद म्हणजे इंजेक्शन देऊन मारणं नव्हे, तो आपल्याकडं गुन्हाच आहे. माणूस बरा होण्यासारखा असेल तर हा कागद लागूच होत नाही, उपचार पूर्ण करायचे. वडिलांचं मन बदललं तर लेखी देऊन ते कधीही रद्द करू शकतात. आणि मंडळानं नकार दिलाच, तर उच्च न्यायालयात जाता येतं, आपल्याला संभाजीनगरचं खंडपीठ जवळ.

कागद झाला की फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. मी त्याच संध्याकाळी टाकला होता. तेराव्याला भासरे पाहुण्यांसमोर म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मी फोन काढून तारीख दाखवली. खाली त्यांनीच टाकलेले जोडलेले हात होते.