पेपरमिंट लावतोयस तर आधी हे वाच

भावा, पेपरमिंटचं बी शोधत फिरू नकोस, ते वांझ संकर हाय, मुळ्याच लावाव्या लागतात, आन आपल्या शिरोळकडच्या काळ्या रानात पाणी तुंबलं की मुळ्या कुजल्याच म्हणून समज, चर आधी काढ. फुलं लागायला लागली की कापणी.

पण खरी काळजी हाताची. ब्रश कटर, म्हणजे कापणीचं हातात धरायचं यंत्र, दिवसभर चालवून त्याच्या कंपनानं माझी बोटं थंडीत पांढरी पडायची, मुंग्या यायच्या, मी दोन वर्षं अंगावर काढलं, तू काढू नकोस. युरोपात ८ तासांच्या सरासरीला हाताला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग कंपन झालं की मालकाला उपाय करावेच लागतात. पातं धारदार ठेव, वाकलं तर बदल, हँडलचं रबर तपास, मूठ आवळू नकोस, मधेमधे थांब. साध्या हातमोज्यानं कंपन फारसं कमी होत नाही, ऊब मात्र मिळते, तीपण लागतेच.