आधी रुंदी बघ, मग गादी

अरे, सायकलच्या सीटसाठी मऊ जेल कव्हरवर पैसे घालू नकोस. बडोद्यातल्या कमाटीबागेला दोन चकरा मारायला ते ठीक, पण शहराबाहेर पार आजव्यापर्यंत जायचं तर बुडाची हाडं त्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. खोक्याचा नालीदार पुठ्ठा पाटावर ठेव, जरा पुढे वाकून बस. दोन खळगे उमटतील. मध्यापासून मध्यापर्यंत मोज, त्यात साधारण २ सेंटीमीटर मिळव, तेवढी रुंद सीट घे. दुकानदार रंग दाखवत बसेल, दाखवू दे.

बसवताना सीट सपाट ठेव. पेडल तळाशी असताना त्यावर टाच टेकली की पाय सरळ व्हावा, एवढी उंची. सीटच्या दांडीवरच्या कमाल उंचीच्या खुणेपलीकडे मात्र ती वर काढू नकोस. आणि हो, पॅडच्या शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नसते, शिवण काचते.