गोटी सोड्याच्या सहा बाटल्या आणि एक पुसट नाव

प्रश्न : आजोळचं जुनं घर उतरवताना माळ्यावर एक लाकडी खोका सापडला. त्यात गोटी सोड्याच्या सहा बाटल्या, मूठभर पत्र्याची बुचं आणि भिंतीवर लावायची एनॅमलची पाटी होती. बाटल्यांवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नाव आहे, पण ‘अँड सन्स’ आणि ‘सातारा’ एवढंच वाचता येतं. दोन बाटल्यांच्या मागे खालच्या बाजूला ‘डॅन रायलँड्स, बार्न्सले’ असं आहे, बाकी चारांवर तसं काही नाही. पाटीवर ‘बाटली दोन आणे’ लिहिलंय. आईच्या आजोबांचा सोड्याच्या धंद्याशी संबंध होता असं ती म्हणते. पण ते मालक होते की गाडीवान, हे घरात कुणालाच माहीत नाही. इंटरनेटवर हे नाव सापडत नाही. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने बाटल्या तेवढ्या विकत मागितल्या आहेत. शोध कुठून सुरू करू? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : ताई, आधी त्या व्यापाऱ्याला थांबायला सांगा. बाटल्या, बुचं, पाटी आणि खोका एकाच माळ्यावर एकत्र सापडले, हीच तुमच्या हातातली सगळ्यात मोलाची माहिती आहे. बाटल्या गेल्या की मागे उरेल तो नुसता खोका, आणि त्याच्याकडे बघून कुणाला काही कळणार नाही. सगळं जसं होतं तसं पुन्हा मांडून फोटो काढा. माळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात होतं, सोबत वर्तमानपत्राचा कागद किंवा पेंढा होता का, हेही आजच वहीत लिहा. घर उतरवताय म्हणजे दोन महिन्यांनी तो कोपराच असणार नाही.

दुसरं काम बाटल्यांचं नाही, माणसांचं आहे. लायब्ररीत जायच्या आधी आईला घेऊन त्या पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. माझ्या आत्याच्या यजमानांचा सोड्याचा छोटा कारखाना होता. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बाटल्या धुवायला असायचो. पुढे तीस वर्षं या बाटल्या जमवल्या, पण धंदा कसा चालायचा हे मला कळलं ते तिथल्या एका भरणाऱ्याकडून. बाटली भरताना फुटायची, म्हणून तोंडावर जाळी आणि हातात चामड्याचे मोजे घालून तो यंत्राशी उभा राहायचा. तरी त्याच्या मनगटावर काचेचे तीन वण होते. त्यानेच सांगितलं की गावातल्या दोन कारखान्यांच्या बाटल्या सारख्या एकमेकांत मिसळायच्या आणि महिन्याकाठी त्या निवडून परत केल्या जायच्या. मधल्या काळात एकाच्या नावाच्या बाटलीत दुसऱ्याचा सोडा सर्रास जायचा. बाटलीवर नाव आहे म्हणजे आतला सोडा त्याचाच, असं मी तोवर धरून चाललो होतो. हे कुठल्या कागदावर मिळालं नसतं.

म्हाताऱ्या माणसांना ‘तो ब्रँड आठवतो का’ असं विचारू नका. त्या काळी कुणी ब्रँड म्हणत नसे. विचारा : सोडा कुणाकडचा यायचा? गाडी कुठल्या वाराला यायची? रिकाम्या बाटल्या कोण मोजून घ्यायचं? कारखान्याला पाणी कुठल्या विहिरीचं होतं? लग्नात सोडा कोण पुरवायचं? गाडीवान की मालक, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘बाटल्या कोण मोजायचं’ याच्या उत्तरात मिळेल. हिशेबाची वही ज्याच्या हातात, त्याची मालकी किंवा निदान भागीदारी असण्याची शक्यता जास्त.

आता बाटल्या. या घाटाच्या, म्हणजे आकाराच्या, बाटलीचा शोध हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याचा. १८७२ साली त्याने पेटंट घेतलं. गळ्यात रबराची कडी, आत काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरली की गोटी तोंडाकडे येते आणि वायूचा दाब तिला त्या कडीवर घट्ट बसवतो. गळा खाली चिमटलेला असल्यामुळे गोटी तळात पडत नाही, आणि एका बाजूला दोन खोबणी असतात, त्यांत ती ओतताना अडकून राहते. सोडा फोडणे हा आपला शब्द त्या ‘फट्’ आवाजावरून आलेला असावा असं मला नेहमी वाटतं.

बार्न्सले हे उत्तर इंग्लंडमधलं गाव. कॉडचा एक भागीदार रायलँड्स घराण्यातला होता आणि त्यांचा काचकारखाना तिथे होता. गिऱ्हाइकाचं नाव-गाव साच्यात कोरून ते बाटल्या देशोदेशी पाठवत. म्हणजे तुमच्या त्या दोन बाटल्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या, आणि साताऱ्यातल्या कुणीतरी आपलं नाव घालून त्या विलायतेहून मागवलेल्या. हे लहानसहान माणसाचं काम नव्हे. साचा करून घ्यायचा, हजारोंनी बाटल्या मागवायच्या, वाटेतली फूट सोसायची, याला भांडवल लागतं.

काचकारखान्याचं नाव नसलेल्या चार बाटल्यांचं वय मात्र घाटावरून ठरवू नका. इथे फार लोक चुकतात. इंग्रजी संग्राहकांच्या पुस्तकांत गोटीची बाटली पहिल्या महायुद्धानंतर मागे पडली असं असतं, ते इंग्लंडपुरतं खरं आहे. आपल्याकडे ती पुढे कित्येक दशकं बनत राहिली. दुसरी चूक शिवणीची. साध्या बाटलीत साच्याची उभी शिवण ओठावरून पार गेली असेल तर ती यंत्रावरची आणि ओठाखाली थांबली असेल तर हाताने तोंड घातलेली, असा नियम आहे. पण गोटीच्या बाटलीला तो लावताच येत नाही. गोटी आत टाकल्याशिवाय तोंड आवळता येत नाही, म्हणून तोंड नंतर तापवून घडवावं लागतं आणि वरची शिवण नव्या बाटलीतही पुसली जाते. मीसुद्धा सुरुवातीला या नियमावर विसंबून एका अलीकडच्या बाटलीचं वय शंभर वर्षं सांगितलं होतं. ते चूक निघालं, आणि ज्यांना सांगितलं होतं त्यांना पुन्हा पत्र लिहून कळवावं लागलं.

त्याऐवजी झीज पाहा. खोक्यात वर्षानुवर्षं आदळलेल्या बाटलीच्या पोटाला आणि तळाच्या कडेला पांढुरका पट्टा पडतो. तो जिथे बाटली बाटलीला लागते तिथेच असतो. सगळीकडे सारखं घासलेलं दिसलं तर कुणीतरी मुद्दाम घासलंय. सहाही बाटल्या त्या खोक्याच्या घरांत बसवून बघा. पट्टे फळीशी जुळले तर बाटल्या आणि खोका एका संसारातले.

पुसट नाव वाचायला बाटलीमागे काळा कागद धरा आणि अंधारात टॉर्च बाजूने, अगदी काचेला लागून मारा. मग पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिलीचा आडवा हात फिरवा. सहाही बाटल्यांचे ठसे घ्या. एकीवर झिजलेलं अक्षर दुसरीवर शाबूत असतं. साचे निराळे निघाले, म्हणजे एकावर ‘अँड सन्स’ आणि दुसऱ्यावर नुसतं नाव असलं, तर मुलं धंद्यात कधी आली त्याचा धागा तुमच्या हातात येईल. मला स्वतःला तुमच्या पत्रात याचीच सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

पाटीने एक तारीख दिलीच आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणजे ‘दोन आणे’ बहुतेक त्याच्या आधीचे. अशा खुणा कागदपत्रांतही शोधा. ‘नये पैसे’ दिसले तर १९५७ ते १९६४. पत्त्यात पिनकोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. लेबलावर ‘एफपीओ’ (फळांच्या पदार्थांसाठीच्या सरकारी आदेशाची खूण) असलं तर १९५५ नंतरचं. आणि पत्र्याचं बूच : ते विल्यम पेंटर या अमेरिकनाने १८९२ साली पेटंट केलं. त्याच्या आत खऱ्या बुचाच्या सालीची चकती आहे की प्लॅस्टिकची, ते पाहा. सालीची असेल तर ते जुनं. पत्र्याची बुचं सापडलीत याचा अर्थ कारखाना गोटीच्या बाटलीवरच थांबला नव्हता. विलायती बाटल्या एकीकडे, आण्यांची पाटी आणि बुचं दुसरीकडे, असं जोडलं तर दोन पिढ्यांचा धंदा दिसतो. हा अंदाज आहे, ठसे आल्यावर पक्कं करू.

कागद कुठे मिळतील? सोडा म्हणजे जड काचेतलं पाणी, आणि रिकामी बाटली परत आली तरच धंदा चालणार. त्यामुळे बैलगाडी एका दिवसात जाऊन रिकाम्या बाटल्यांसकट परतेल तेवढाच त्या कारखान्याचा मुलूख. तुमचा शोध मुंबईपेक्षा साताऱ्याभोवतीच ठेवा. सर्वांत आधी कारखान्याची जागा ठरवा आणि त्या जागेचा सिटी सर्व्हेचा, म्हणजे शहरातल्या जागांच्या सरकारी मोजणीचा, उतारा काढा. त्यात मालकांची नावं ओळीने मिळतात. वारस नोंदींत ‘सन्स’ कोण तेही कळतं. भागीदारी असेल तर १९३२च्या कायद्यानंतर भागीदारी संस्थांची नोंदणी निबंधकाकडे होत असे, तिथे अर्ज करा. ट्रेडमार्कसाठी बत्तिसावा वर्ग पाहा, एरिएटेड वॉटर म्हणजे सोडा त्यातच येतो. पण १९४०च्या कायद्याआधी आपल्याकडे ट्रेडमार्कची नोंदवहीच नव्हती. तेव्हा व्यापारी आपल्या छापाचं प्रतिज्ञापत्र दस्त म्हणून नोंदवत आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत. त्यामुळे स्थानिक साप्ताहिकांच्या जुन्या फायली चाळणं टाळता येणार नाही. दिवाळी अंकांच्या शेवटच्या पानांवरच्या जाहिराती आणि नाटकांची हस्तपत्रकं विसरू नका. विश्रांतीत सोडा विकणाऱ्याने तिथे जाहिरात दिलेली असू शकते. इंग्रजी अमदानीसाठी थॅकरची डिरेक्टरी पाहा, तीत गावोगावच्या व्यापाऱ्यांची नावं असतात. साताऱ्याचं गॅझेटियर १८८५चं आहे. त्यात तुमचा कारखाना सापडेल म्हणून नव्हे, तर तेव्हाचे रस्ते, बाजार आणि छावणी कळावी म्हणून वाचा. बर्फ आणि सोडा यांचं पहिलं गिऱ्हाईक अनेकदा गोरं लष्कर आणि साहेबलोकच असे.

एक मोह टाळा. तुमच्याच जिल्ह्यात ओगलेवाडीला १९१६ साली काचकारखाना निघाला, तळेगावला पैसा फंडाचा, म्हणजे लोकवर्गणीतून उभा राहिलेला, त्याआधीच १९०८ साली. त्यामुळे त्या चार बिननावाच्या बाटल्या ओगलेवाडीच्याच असं म्हणावंसं वाटेल. काचेवर खूण नसेल तर तसं लिहू नका. वहीत ‘काचकारखाना अज्ञात’ एवढंच लिहा.

धुवायच्या म्हणाल तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. ॲसिड, तारेची घासणी आणि उकळतं पाणी बिलकुल नको. गळ्यातली रबराची कडी तडकली असेल तरी काढू नका. आणि कुणी हौसेने त्यात सोडा भरू म्हणालं तर भरू देऊ नका. जुनी काच दाबाने फुटते, मी ते वण पाहिलेत.

प्रश्न : माझ्याकडे ‘डबल सेव्हन’ या शीतपेयाची रिकामी बाटली आहे. मुलं म्हणतात असं काही पेय नव्हतंच. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : होतं. १९७७ साली कोका-कोलाने भारत सोडला, कारण परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भारतीय कंपनीतला हिस्सा कमी करणं आणि गुप्त कृती उघड करणं तिला मान्य नव्हतं. जनता सरकारच्या काळात मॉडर्न बेकरीज या सरकारी कंपनीने डबल सेव्हन बाजारात आणलं. दोन साती म्हणजे ते साल. त्याच सुमारास थम्स अप आणि कॅम्पा कोलाही आले आणि त्यांच्यापुढे हे टिकलं नाही. तुमचा शोध साताऱ्याच्या ताईंच्या अगदी उलट दिशेने जाईल, कारण कंपनी सरकारी असल्यामुळे तिचा माग संसदेच्या कामकाजात लागतो. लोकसभेतले प्रश्नोत्तरांचे जुने खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. १९७७ ते १९८० चाळा आणि सापडेल त्या पानाची प्रत बाटलीसोबत ठेवा. बाटली भरणारा कारखाना कुठला ते बाटलीवर किंवा बुचावर लिहिलं असेल, तर ते मला जरूर कळवा.

प्रश्न : जुन्या बाजारात सोड्याची निळीशार गोटीची बाटली मिळाली. विकणारा ब्रिटिशकालीन म्हणतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : गडद निळ्या रंगाची, ओरखडा नसलेली, आत रंगीत गोटी असलेली बाटली बहुतेक वेळा शोभेसाठी अलीकडे बनवलेली असते. रोजच्या वापरातल्या जुन्या बाटल्या फिकट हिरवट किंवा पाणीरंगी असत. वाळूतल्या लोहामुळे तो रंग येतो. तळाची कडा बोटाने चाचपून पाहा. ती कोरी, धारदार लागली तर बाटली आवडली म्हणून ठेवा, जुनी म्हणून पैसे मोजू नका. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पुढच्या वेळी खिशात छोटं भिंग असू द्या आणि विकणाऱ्याला आधी एकच विचारा : ही कुठल्या गावातून उचलली? ज्याला ते सांगता येतं त्याच्याकडून घ्या.

साताऱ्याच्या ताई, ठसे पोस्टाने पाठवताना कागद दुमडू नका, गुंडाळून नळीत घाला.