आवाज आधी, फोटो नंतर
वडिलांच्या आणि आजोबांच्या आठवणी जपण्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना जाऊन महिना झाला. त्यांचा मोबाईल, पेटीभर फोटो, काही कॅसेटी आणि हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. नातवंडांसाठी हे सगळं नीट लावून ठेवायचं आहे, पण पेटी उघडली की हात चालत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : पेटी तूर्त बंदच राहू द्या. कागदावरचे फोटो इतकी वर्षं टिकलेत, कोरड्या कपाटात आणखी सहा महिने सहज टिकतील. आधी मोबाईल हातात घ्या, कारण तुमच्याकडे आलेल्यातली सर्वांत नाजूक वस्तू तीच आहे. तो रीसेट करू नका आणि सिमकार्ड लगेच बंद करू नका. बहुतेक खात्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. नंबर गेला की खाती उघडणं अवघड होतं, शिवाय काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं तसंच पडून राहिलं तर त्यातले मेल आणि फोटो पुसले जाऊ शकतात. फोनचा पासवर्ड ठाऊक नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. ठरावीक चुका झाल्यावर फोन कायमचा कुलूपबंद होऊ शकतो.

फोन उघडत असेल तर पहिलं काम व्हॉइस मेसेजचं. 'पोहोचलीस का गं' एवढंच त्यात असेल, तरी ते त्यांच्या आवाजात आहे. ज्या ज्या चॅटमध्ये ते बोललेत ती मीडियासह एक्स्पोर्ट करा. मोठ्या चॅटमधलं जुनं यात सुटू शकतं, म्हणून अँड्रॉइड फोन असेल तर तो संगणकाला जोडून व्हॉट्सॲपचं मीडिया फोल्डर अख्खंच उतरवून घ्या; व्हॉइस नोट्स त्यातच वेगळ्या ठेवलेल्या असतात. मग भावंडांना, मुलांना, त्यांच्या मित्रांना विचारा. तुमच्याकडून पुसलेला मेसेज समोरच्याकडे अजून असू शकतो. फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं आवर्जून सांगा. एरवी ते दाबून लहान होऊन येतात.

दुसरं काम माणसांचं. वडिलांना तरुणपणी पाहिलेली जी माणसं आज हयात आहेत, त्यांच्याशी बोलून घ्या. एका वेळी एकच माणूस, पाऊण ते एक तास. फोन विमान मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून फूटभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने सांगा, कारण दहा वर्षांनी हा आवाज कुणाचा हे ऐकणाऱ्याला कळणार नाही. आठ-दहा जुने फोटो सोबत न्या. 'बाबा कसे होते?' असं विचारलंत तर 'देवमाणूस होता' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा : पहिला पगार कशावर खर्च केला? चिडले की काय म्हणायचे? कुणाशी बोलणं टाकलं होतं, आणि पुन्हा कसं सुरू झालं? उत्तर संपलं असं वाटलं की आणखी दहा सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट पुष्कळदा त्यानंतर येते.

प्रश्न : आजोबांनी माझ्यासाठी गोष्टी सांगून भरलेली एक कॅसेट सापडली. तिच्यावर १९८८ साल लिहिलं आहे. जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून मोबाईलने रेकॉर्ड केली तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण निम्मा आवाज खोलीतच राहील. त्याआधी कॅसेट नीट पाहा. खालच्या उघड्या बाजूला मधोमध, फितीच्या मागे, नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. अशा वेळी स्क्रूच्या दुसऱ्या डबीत फीत हलवून घ्यावी लागते. फितीच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट वाजवू नका, या कामाच्या जाणकाराकडे द्या. कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही.

बरीच वर्षं पडून असलेल्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झालेला असतो. त्यामुळे वेग कमी-जास्त होतो, क्वचित फीत गुंडाळली जाऊन चुरगळते. म्हणून आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून बघा. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि फीत ओढणारी धातूची काडी ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. आजोबांची कॅसेट एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे चिकटून बसलेली वेटोळी मोकळी होतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते आणि १२० मिनिटांची तर फारच पातळ. तिला सारखं मागे-पुढे करू नका.

टेपच्या लाइन-आउट किंवा हेडफोनच्या भोकातून वायर घ्या आणि संगणकाच्या लाइन-इनला जोडा. माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो. आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल निवडा, सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. स्टिरिओत एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते. आवाज फारच बुजलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवून 'स' आणि 'श' कुठे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात ते पाहा.

खरखर काढायची असेल तर ती प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. हा मोह फार असतो. जास्त सफाई केली की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो, आणि आजोबांचा मधला श्वास, खुर्चीची करकर, मागून कुणीतरी मारलेली हाक हे सगळं त्यात जातं. आम्ही म्हणू, ते राहू द्या.

प्रश्न : चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पिवळे पडत चालले आहेत. एक तर फ्रेमच्या काचेलाच चिकटला आहे. ते सोडवायचे कसे, आणि स्कॅन किती डीपीआयवर (इंचाला किती ठिपके) करायचे?

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. ओलाव्यामुळे त्यावरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो, आणि ओढला तर चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा. अल्बममधले फोटो बोटाने उचकटले तर मुडपतात. दात साफ करायचा, मेण नसलेला धागा फोटोखाली एका कोपऱ्यातून घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवा. अडला तर तिथेच थांबा. आधी अख्खं पान स्कॅन करायचं, मग सोडवायला घ्यायचं.

४ x ६ इंची फोटोला ६०० डीपीआय पुरे; त्यातून २४०० x ३६०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. पासपोर्ट आकाराला १२०० घ्या. मूळ प्रत टिफ या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा (४ x ६ फोटोची अशी एक फाइल साधारण २६ एमबीची होते) आणि इतरांना पाठवायला जेपेग काढा, कारण जेपेग दरवेळी बदलून पुन्हा साठवली की थोडी बिघडते. मागची बाजूही स्कॅन करा, अक्षर वडिलांचं असेल तर नक्कीच. नावं मऊ पेन्सिलने पाठीच्या कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पाठ प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत असेल तर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. पीव्हीसीची पाकिटं, रबरबँड, टाचण्या आणि लॅमिनेशन यांपैकी काहीही नको. वर्तमानपत्राची कात्रणं फोटोंना लागून ठेवू नका, त्यांतलं आम्ल फोटोत उतरतं.

फाइलींच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

प्रश्न : वडिलांच्या स्मृतिसभेत मला पाच मिनिटं बोलायचं आहे. काहीही लिहिलं तरी 'प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय' हेच शब्द येतात. त्यात बाबा दिसतच नाहीत.

उत्तर : ते शब्द खोटे नाहीत, पण कुणाच्याही वडिलांना लागू पडतात. म्हणून लिहायला बसाल तेव्हा भाषण लिहू नका. एका कागदावर 'बाबा रोज...' अशी सुरू होणारी दहा वाक्यं लिहा आणि दुसऱ्यावर 'एकदा बाबा...' अशी दहा. पहिल्या कागदावर सवयी येतील, दुसऱ्यावर प्रसंग. बहुतेक जण प्रसंग निवडतात. आमचा कल सवयींकडे आहे, कारण सवय ऐकली की सभेतले पन्नास जण एकाच वेळी मान हलवतात.

मग विशेषणांपुढे एकेक कृती मांडा. 'शिस्तप्रिय' म्हणजे नेमकं काय करायचे? घर सोडताना गॅस, नळ, कडी अशा क्रमाने हात लावून बघायचे आणि जिना उतरल्यावर पुन्हा एकदा वर यायचे? 'प्रेमळ' म्हणजे? नातीच्या वेणीचं रबर मनगटात अडकवून ठेवायचे, तिचं हरवणार हे ठाऊक असल्यामुळे? कृती सापडली की विशेषण खोडा. सगळी खोडून होणार नाहीत, एखादं राहिलं तरी चालेल.

ते वडील होते आणि आजोबाही होते, हा तुमच्याकडचा मोठाच ऐवज आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर न बोलता सही करणारा माणूस नातवाच्या रेघोट्या कपाटाच्या दारावर चिकटवतो. असे दोन प्रसंग शेजारी ठेवा आणि पुढे जा. 'आजोबा झाल्यावर ते किती बदलले' हे वाक्य लागणार नाही.

जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे वेगळ्या कागदावर छापून द्या. भाषणात तीनपेक्षा जास्त साल आले की लोक ऐकायचं थांबतात. सभेत बोलण्याचा वेग मंदावतो, मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द. त्यामुळे पाच मिनिटांना ५०० ते ५५० शब्द पुरतात, आणि तेवढ्यात दोन-तीन गोष्टी नीट बसतात. बाबांविषयी बोलणार की बाबांशी, हे आधी ठरवा. मध्येच 'ते'वरून 'तुम्ही'वर आलं की बोलणाराही गोंधळतो. शेवटच्या दोन ओळी मात्र थेट त्यांना उद्देशून असायला हरकत नाही.

तीनदा मोठ्याने वाचा. गळा कुठे दाटतो ते पहिल्याच वेळी कळेल. ते वाक्य काढू नका, त्याआधी श्वासाची खूण करा. कागदाच्या एकाच बाजूला, १८ पॉइंटात, ओळींमध्ये जागा सोडून छापा, पान वाक्याच्या शेवटी संपू द्या आणि पानांवर आकडे घाला. रडू आलं तर थांबा, श्वास पूर्ण सोडा आणि ते वाक्य पहिल्यापासून घ्या. अर्ध्यातून उचललं तर पुन्हा तिथेच अडतं. एक प्रत पहिल्या रांगेत बसणाऱ्या कुणाकडे तरी द्या. तुम्हाला जमलं नाही तर ती व्यक्ती पुढे वाचेल.

प्रश्न : वडील तापट होते. आठवणींच्या वहीत ते लिहावं का? शिवाय त्यांच्या जन्मतारखेवरून आम्हा भावंडांत एकमत नाही.

उत्तर : लिहा. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेला राग वहीत नसेल, तर वहीतली मायाही नातवंडांना पटणार नाही. काय घडलं ते लिहा : ताट सरकवून उठायचे, दोन तास अबोला, मग स्वतःच काहीतरी निमित्त काढून हाक मारायचे. स्वभावाचा निवाडा करू नका, आणि भावाला लागलेलं बोलणं भावाला विचारल्याशिवाय लिहू नका. तारखेचं म्हणाल तर शाळेच्या दाखल्यावरची आणि घरात सांगितली जाणारी तारीख पुष्कळदा जुळत नाही. दोन्ही लिहा, कोणती कुठून आली तेही लिहा.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. आजोबा त्याच्या लक्षात राहतील का?

उत्तर : आपसूक राहणं कठीण आहे. साधारण तीन वर्षांच्या आतलं मोठेपणी सहसा आठवत नाही आणि त्यापुढचंही बरंचसं पुसट होतं. वारंवार बोललं गेलेलं मात्र टिकण्याची शक्यता जास्त. त्याला आज जे आठवतं ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. विचारताना 'आजोबा तुला खांद्यावर घ्यायचे ना?' असं विचारू नका. तो हो म्हणेल आणि उद्या ती त्याची आठवण होऊन बसेल. 'आजोबा आणि तू काय करायचात?' एवढंच पुरे. आजोबा झोपलेत असं सांगू नका, मुलं झोपेला घाबरू लागतात. ते वारले, त्यांचं शरीर चालायचं थांबलं, आता ते परत येणार नाहीत, असं सांगा. हाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारेल. दरवेळी उत्तर तेच द्या.

बारा-सोळा पानांचं एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक करा. पानावर एकच फोटो आणि एकच वाक्य. चेहऱ्याच्या फोटोंपेक्षा आजोबा हाताने काहीतरी करतानाचे फोटो घ्या, निम्म्यांत तो स्वतः असावा. सोबत त्यांच्या आवाजाचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा, रोज ऐकता येईल असा. त्यांची एखादी वस्तू, टॉर्च म्हणा किंवा भिंग, त्याला वापरायला द्या. बाकीच्या वस्तू ठेवून देताना प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधा : हे काय आहे, आजोबा ते कशासाठी आणि कसं वापरायचे.